शेणातून जाणारं पाणी : खिल्लार, संकरित गाय आणि म्हैस

उन्हाळ्यात जनावरांच्या पाण्याचा हिशेब मांडायचा म्हटलं की आपण हौद, टँकर आणि बादल्या मोजतो. जनावर किती पितं एवढीच बाजू डोळ्यांसमोर असते. प्यायलेलं पाणी अंगातून कुठल्या वाटेनं बाहेर जातं याकडे फारसं कुणी बघत नाही. दुष्काळी भागात कुठलं जनावर तग धरेल, हे मात्र बरंचसं या दुसऱ्या बाजूवर ठरतं.

पाणी बाहेर जायच्या मुख्य वाटा पाच: दूध, मूत्र, घाम, श्वास आणि शेण. यातली मोठी वाट कोणती असं विचारलं तर बहुतेक जण दूध किंवा मूत्र म्हणतील. दुभत्या होल्स्टीन गायींवर झालेल्या मोजमापांत मात्र अंगात गेलेल्या एकूण पाण्यापैकी साधारण तिसरा हिस्सा एकट्या शेणातून बाहेर पडतो असं दिसलं. मूत्रातून जाणारं पाणी त्याहून बरंच कमी भरतं. भाकड जनावर नुसत्या वैरणीवर असेल, तर दुधाची वाट बंद असल्यामुळे शेणाचा वाटा आणखी वाढतो.

यातली प्रत्येक वाट जनावराच्या काही ना काही कामाची आहे. दुधातलं पाणी वासराला जातं किंवा डेअरीला. मूत्रातलं पाणी युरिया आणि जादा क्षार वाहून नेतं. घामातलं आणि श्वासातलं पाणी अंग थंड करतं. एक लिटर पाणी कातडीवरून उडालं की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातं. शेणातल्या पाण्याचं काम एवढंच, की न पचलेला चोथा आतड्यातून सहज पुढे सरकावा. त्यानं अंग थंड होत नाही. त्यामुळे पाणी तुटलं तर जिथे काटकसर सगळ्यात कमी महागात पडते, अशी वाट म्हणजे शेण. घाम आखडता घेतला तर अंग तापतं, मूत्र आखडलं तर रक्तात घाण साठते. शेण थोडं घट्ट केलं तर लगेच असं काही बिघडत नाही.

टक्केवारी फसवते

आता मुद्द्याचं गणित. यात घोटाळा होतो तो टक्क्यांमुळे.

दुभत्या संकरित गायीच्या ताज्या शेणात ८५ टक्के पाणी आहे आणि दुसऱ्या एका गायीच्या शेणात ८० टक्के, असं कुणी सांगितलं तर आपल्याला फरक किरकोळ वाटतो. पाच टक्क्यांनी काय होणार? पण शेणाचं एकूण वजन इथे स्थिर नसतं. स्थिर असतो तो न पचलेला चोथा, म्हणजे शेणातला शुष्क भाग. गाईनं जे खाल्लं आणि जे पचलं नाही, ते बाहेर पडणारच. प्रश्न एवढाच की त्या एक किलो शुष्क भागासोबत किती लिटर पाणी जातं.

८५ टक्के पाण्याच्या शेणात शुष्क भाग १५ टक्के. म्हणजे एक किलो शुष्क भागामागे ५.६७ लिटर पाणी. ८० टक्क्यांना हेच प्रमाण ४ लिटरवर येतं. ७५ टक्क्यांना ३ लिटर, ७० टक्क्यांना २.३३ लिटर आणि ६० टक्क्यांना दीड लिटर. ८५ वरून ८० वर येताना प्रत्येक किलो शुष्क भागामागे १.६७ लिटर पाणी वाचलं. पुढे तेवढंच, बरोबर १.६७ लिटर पाणी पुन्हा वाचवायचं तर ८० वरून थेट ७० पर्यंत उतरावं लागतं. वरच्या टोकाचा एकेक टक्का खालच्या टोकाच्या टक्क्यापेक्षा कितीतरी जड आहे. म्हणून शेणाच्या ओलाव्याची तुलना टक्क्यांत वाचली, की मी ती आधी ‘एक किलो शुष्क भागामागे किती लिटर’ अशी फिरवून घेतो. त्याशिवाय चित्र दिसतच नाही.

उंटाचं उदाहरण या मापात ठेवून बघण्यासारखं आहे. क्नूट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात अल्जीरियाच्या वाळवंटात उंटांवर काम केलं. पाण्यावाचून ठेवलेल्या उंटाच्या लेंड्यांत एक किलो शुष्क भागामागे फक्त पाऊण लिटर पाणी होतं. पाणी मिळणाऱ्या उंटातही ते सव्वा लिटरच्या आतच राहिलं. त्यानं तुलनेसाठी दिलेला गवतावर चरणाऱ्या गायीचा आकडा होता साडेपाच लिटरच्या वर. टक्क्यांत बोलायचं तर हा ४३ आणि ८५ यांमधला फरक, म्हणजे ऐकायला दुप्पट. लिटरमध्ये तो सातपट आहे.

आतड्यात पाणी कसं ओढलं जातं

गाय पिते त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी तिच्या पोटात रोज फिरत असतं. मोठ्या गायीच्या तोंडात दिवसाकाठी शंभर लिटरहून जास्त लाळ सुटते आणि ती सगळी गिळली जाते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातला, म्हणजे कोठीपोटातला, माल ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतो. तिथले जिवाणू चारा कुजवतात, आणि त्यांना ओलावा लागतोच. पुढे तिसऱ्या कप्प्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात, तिथे बरंचसं पाणी शोषलं जातं. मग जठर, लहान आतडं आणि शेवटी मोठं आतडं. एवढं पाणी जर परत अंगात ओढून घेतलं गेलं नाही, तर गाय एका दिवसात सुकून जाईल. वासरांना जोराची हगवण लागली की एक-दोन दिवसांत त्यांचे डोळे खोल जातात, ते यामुळेच.

शेण किती ओलं राहणार याचा शेवटचा निर्णय मोठ्या आतड्यात होतो. आतड्याच्या भिंतीतल्या पेशी आतल्या मालातून सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, उचलून रक्तात सोडतात. मीठ गेलं की पाणी त्याच्या मागे जातं. पाणी स्वतंत्रपणे उचलणारा पंप शरीरात कुठेच नाही. मीठ हलवायचं आणि पाण्याला मागून येऊ द्यायचं, हीच पद्धत. जनावराला तहान लागली, रक्त घट्ट व्हायला लागलं, की संप्रेरकं कामाला लागतात. अल्डोस्टेरॉन हे त्यातलं एक. ते आतड्यातल्या सोडियमच्या उचलीला जोर देतं. मूत्रपिंडालाही मीठ राखून ठेवायला तेच सांगतं.

दुसरी गोष्ट वेळेची. माल मोठ्या आतड्यात जितका जास्त वेळ थांबेल, तितकं पाणी ओढायला सवड मिळते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मोठ्या आतड्याचा एक भाग घड्याळाच्या कमानीसारखा वेटोळा असतो. गायीत त्याचे आत जाणारे वेढे साधारण दोन, मेंढीत तीन, शेळीत तीन-चार. शेळी-मेंढीच्या लेंड्या या वेटोळ्याच्या शेवटाकडे वळल्या जातात आणि पुढच्या प्रवासात आणखी सुकतात. गायीत लेंडी वळतच नाही. पातळसर माल तसाच पुढे येतो आणि पो पडतो. गाय कितीही काटक असली तरी शेण सुकवण्यात शेळीची बरोबरी करू शकत नाही.

वेळेचा आणि खाण्याचा संबंध उलटा आहे. जास्त खाल्लं की मागून येणारा माल पुढच्याला ढकलतो, आतड्यातला मुक्काम कमी होतो, शेण ओलं राहतं. दिवसाला वीस लिटर दूध देणाऱ्या गायीला तेवढं खावंच लागतं. तिचं शेण पातळ असण्याचं मोठं कारण तिच्या जातीत जितकं आहे, तितकंच तिच्या गव्हाणीत आहे. हे लक्षात न घेता केलेली तुलना अर्धवट राहते.

सारखा चारा देऊन बघितलं तेव्हा

तर मग जातीचा म्हणून काही फरक उरतो का? हे कळायचं तर दोन्ही जनावरं शेजारी बांधून, तोच चारा देऊन, पाणी आणि शेण मोजावं लागतं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केनियात नैरोबीजवळच्या मुगुगा इथल्या संशोधन केंद्रात हे काम झालं. एका बाजूला तिथले वशिंडाचे झेबू बैल, दुसऱ्या बाजूला हेरफर्ड या इंग्रजी जातीच्या रक्ताचे बैल. झेबू बैल खाल्लेल्या प्रत्येक किलो शुष्क चाऱ्यामागे कमी पाणी पीत होते आणि त्यांच्या शेणात पाणी कमी होतं. पाणी तोडल्यावर दोघांचंही शेण सुकलं, पण झेबूचं जास्त.

या निष्कर्षात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. पहिली, किती चोथा बाहेर पडतो. दुसरी, पाणी भरपूर असताना तो किती ओला असतो. तिसरी, पाणी तुटल्यावर तो किती सुकवता येतो. पहिल्या गोष्टीवर जनावराच्या आकाराचा आणि खाण्याचा जोर असतो. दुसऱ्यावर चाऱ्याचा प्रभाव मोठा. वशिंडवाल्या गोवंशाची खरी ताकद आहे तिसऱ्या गोष्टीत: गरज पडल्यावर आवळून घेण्यात.

दक्षिण इथिओपियातले बोराना पशुपालक या ताकदीवर जगतात. तिथल्या खोल विहिरींना ‘तुला’ म्हणतात. माणसं एकावर एक उभी राहून बादल्या हातोहात वर देतात, आणि ताल धरायला गाणी म्हणतात, म्हणून बाहेरचे लोक त्यांना गाणाऱ्या विहिरी म्हणतात. कोरड्या दिवसांत तिथली बोरान गाय दर तिसऱ्या दिवशी पाण्यावर येते. मधल्या दिवसांत ती दूरवर चरायला जाते. विहिरीभोवतीचं गवत संपलेलं असतं, त्यामुळे रोज पाण्यावर यायचं म्हटलं तर तिला उपाशी राहावं लागेल. तीन दिवस तहान काढता येणं म्हणजे तिच्यासाठी लांबचं गवत हाती येणं. या काळात ती कमी खाते, मूत्र कमी करते आणि शेण घट्ट करते. कोठीपोटातलं पाणी टाकीसारखं हळूहळू वापरते.

या कथेत आपलाही धागा आहे. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तरेत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत जो ब्राह्मण गोवंश गाजला, तो भारतातून गेलेल्या वळूंपासून अमेरिकेत तयार झाला. त्यात कांक्रेज, गीर आणि ओंगोल यांच्यासोबत कृष्णाकाठची, म्हणजे सांगली-साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंत पसरलेली कृष्णा व्हॅली ही जातही होती. परदेशांत उन्हाशी आणि तहानेशी झुंजणाऱ्या गाई म्हणून ज्यांचा अभ्यास झाला, त्यांच्या रक्तात आपल्या खोऱ्यातला बैल आहे.

माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. खिल्लार इथलीच. कडक पायाची, चपळ, अंगानं आटोपशीर. दूध कमी, पण शर्यतीला आणि औताला नावाजलेली. ती वशिंडवाल्या गोवंशाचीच आहे, त्यामुळे वर सांगितलेली शरीराची रीत तिच्यातही आहे. पुढचं गणित मी तिच्यावर मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या गोठ्यातल्या वजनाचे आणि चाऱ्याचे घातले तर तुमचं उत्तर निघेल.

३५० किलोची खिल्लार गाय दिवसाला ७ किलो शुष्क चारा खाते असं धरा. ज्वारीचा कडबा आणि थोडं हिरवं, निम्मं पचतं. चोथा राहिला ३.५ किलो. शेणात पाणी ८० टक्के. म्हणजे शेण १७.५ किलो आणि त्यात पाणी १४ लिटर.

४५० किलोची दुभती संकरित गाय. खाणं १३ किलो, पेंड आणि हिरवा मका असल्यानं ६० टक्के पचतं. चोथा ५.२ किलो, शेणात पाणी ८४ टक्के. शेण साडेबत्तीस किलो, पाणी २७ लिटरच्या वर. खिल्लारीच्या जवळजवळ दुप्पट. वजनाच्या हिशेबानं बघितलं तर शंभर किलो वजनामागे खिल्लारीचे ४ लिटर आणि संकरितचे ६ लिटर.

आता दुष्काळ पडला. पाणी मोजून मिळतंय, चारा भरड. खिल्लारीचं खाणं ५ किलोवर आलं, चोथा अडीच किलो, शेण ७० टक्क्यांवर सुकलं. पाणी जातंय फक्त ५.८ लिटर. आधीच्या १४ लिटरमधून ८.२ लिटर वाचले. यातले ४ लिटर कमी खाल्ल्यामुळे वाचले आणि ४.२ लिटर शेण सुकवल्यामुळे. निम्मं-निम्मं. हा निकाल मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुष्काळात देशी जनावर ‘कमी खातं म्हणून’ टिकतं एवढंच आपण धरून चालतो. आतड्याचं काम आपल्या नजरेत येत नाही.

त्याच दुष्काळात संकरित गायीचं खाणं ९ किलोवर आलं, भरड चाऱ्यातलं ५५ टक्के पचलं, चोथा ४ किलो, शेण ७८ टक्क्यांपर्यंतच सुकलं, असं धरा. शेणातून १४.२ लिटर पाणी जातंच आहे. दोघींत रोजचा फरक ८.४ लिटरचा. दहा जनावरांमागे ८४ लिटर. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर १०,००० लिटर, म्हणजे एक टँकर. तोही फक्त शेणाच्या वाटेचा.

दुधाच्या बाजूनं बघितलं तर

इथे थांबलो तर संकरित गायीवर अन्याय होईल. ती वीस नाही, पंधराच लिटर दूध देते असं धरलं तरी सुकाळात तिच्या शेणातून दुधाच्या प्रत्येक लिटरमागे १.८ लिटर पाणी जातं. खिल्लार तीन लिटर देत असेल तर तिचं हे प्रमाण ४.७ लिटर येतं. बागायती भागात, विहिरीला पाणी आहे, हिरवा चारा आहे आणि धंदा दुधाचा आहे, तर पाण्याच्या हिशेबातही संकरित गायच पुढे. देशी गाय पाणी वाचवते हे वाक्य सरसकट कुणी म्हणालं तर मी विचारतो: कशामागे? वजनामागे, दुधामागे, की जगण्याच्या एका दिवसामागे? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात.

संकरितचा तोटा उघडा पडतो तो पाणी तुटल्यावर. तिचं दूध आटतं, पण मोठं अंग आणि मोठी भूक तशीच राहते, आणि शेण आवळायची तिची हद्द लवकर येते. ज्या तालुक्यात दर चार-पाच वर्षांनी चारा छावण्या उघडाव्या लागतात, तिथे दावणीला सगळीच संकरित जनावरं बांधणं मला धोक्याचं वाटतं. दोन्ही प्रकार ठेवणारे शेतकरी माणदेशात आजही आहेत, आणि त्यांचा हिशेब पक्का आहे.

म्हशीचं गणित निराळं

म्हशीच्या अंगातलं पाणी फार वेगानं बदलतं. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डब्ल्यू. व्ही. मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरातल्या पाण्याला खूण करून ते किती दिवसांत बदलतं हे वेगवेगळ्या जनावरांत मोजलं. रवंथ करणाऱ्या पाळीव जनावरांत म्हैस वरच्या टोकाला होती आणि उंट खालच्या. मध्ये क्रमानं युरोपियन गाय, वशिंडाची गाय, मेंढी, शेळी. ज्या जनावराचा मूळ मुक्काम पाणथळीत, त्याला पाणी राखायची गरजच पडली नव्हती.

म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी, रंग काळा, केस विरळ. ती अंग थंड करते ते डोहात बसून. डोहातलं पाणी आणि चिखल तिच्या पाठीवरून उडतो आणि उष्णता नेतो. अंगातलं पाणी त्यासाठी खर्ची पडत नाही. डोह असेल तर म्हैस सुखात, नसेल तर तिला सावली आणि पाठीवर पाण्याचा शिडकावा द्यावाच लागतो. त्यामुळे म्हशीच्या शेणातल्या पाण्याकडे सुटं बघून चालत नाही. तिला लागणाऱ्या पाण्याचा एक मोठा भाग तोंडावाटे जातच नाही.

तिच्या बाजूची एक गोष्ट सांगायला हवी. भरड, काडीसारखी वैरण म्हशीला गाईपेक्षा बरी पचते. जास्त पचलं की चोथा कमी, आणि चोथा कमी की त्याच्यासोबत जाणारं पाणी कमी. शिवाय म्हशी-म्हशींतही आकाराचा फरक मोठा आहे. सौराष्ट्राची अवजड जाफराबादी आणि सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडची हलक्या अंगाची, लांब शिंगांची पंढरपुरी एका मापात मोजता येणार नाहीत.

चाऱ्यानं सगळं उलटसुलट होतं

जात तीच, गाय तीच, पण चारा बदलला की शेणातलं पाणी दोन दिवसांत बदलतं. कोवळी मेथीघास किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीचं लुसलुशीत गवत खाल्लं की शेण पातळ होतं. त्यात पाणीही भरपूर आणि क्षारही. आतड्यात क्षार जास्त राहिले की ते पाण्याला धरून ठेवतात. भरडा किंवा पेंड एकदम वाढवली तर कोठीपोटात आम्ल वाढतं, माल अर्धवट कुजून पुढे जातो आणि शेण फेसाळ पातळ येतं. नुसता कडबा असेल तर शेण घट्ट, थरांचं.

इथे एक पेच आहे. कडब्यावरच्या जनावराचं शेण घट्ट दिसतं म्हणून पाणी कमी जात असेल असं वाटतं. पण कडबा कमी पचतो, त्यामुळे चोथा जास्त पडतो. शेणातल्या पाण्याची टक्केवारी उतरली तरी एकूण लिटर तितके उतरत नाहीत. शिवाय दहा किलो कडब्यातून गाईला जेमतेम एक लिटर पाणी मिळतं, तर चाळीस किलो हिरव्या मक्यातून तीस लिटरच्या आसपास. हिरव्यावरची गाय हौदाकडे कमी जाते आणि पातळ शेण टाकते. कडब्यावरची गाय सारखी हौदावर आणि शेण घट्ट. दोघींचं नुसतं पिणं मोजून तुलना केली तर निष्कर्ष साफ चुकतो. छावणीत ऊस आणि वाढ्यांवर असलेल्या जनावरांचंही तसंच: उसातच सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं.

गोठ्यावर मोजायचं असेल तर

हे मोजमाप घरी करता येतं. ताजं, जमिनीला न लागलेलं शेण १०० ग्रॅम घ्यायचं, पसरट ताटलीत पातळ थर करून वाळवायचं. प्रयोगशाळेत १०० ते १०५ अंशांच्या भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवतात. कडक उन्हातही वाळतं, फक्त उन्हात वाळलेल्या शेणात थोडा ओलावा राहतोच, त्यामुळे उत्तर जरा कमी येतं. दोन गाईंची तुलना करायची असेल तर त्यानं बिघडत नाही, कारण चूक दोन्हींकडे सारखीच. वाळल्यावर २० ग्रॅम उरलं तर पाणी ८० टक्के.

अवघड आहे ते दिवसभराचं सगळं शेण गोळा करणं, तेही मूत्र न मिसळता. गायीत दोन्ही मागूनच पडतं. म्हणून असे प्रयोग बहुतेक वेळा बैलांवर किंवा खोंडांवर करतात. त्यांचं मूत्र पोटाखाली पडतं आणि शेण मागे लावलेल्या पिशवीत स्वच्छ जमतं. आठवडाभर रोज वजन करायचं, रोज नमुना वाळवायचा. एका दिवसाच्या नमुन्यावर विश्वास ठेवू नये. दुपारचं आणि पहाटेचं शेणसुद्धा सारखं नसतं.

शेणाचं पाणी गोबर गॅसवाल्यांनाही लागतं. ८० टक्के पाण्याच्या शेणात तेवढंच पाणी घालून काला केला की घनभाग १० टक्क्यांवर येतो, आणि एकास एक हे माप त्यामुळेच रूढ झालं. ७० टक्क्यांच्या घट्ट शेणाला एक किलोमागे दोन लिटर पाणी घालावं लागेल. ३ किलो शुष्क भागाचा काला करायचा तर तो दोन्हीकडे ३० किलोच भरतो. गाईनं आतड्यात वाचवलेलं पाणी टाकीला वरून द्यावं लागतं. टंचाईच्या महिन्यांत घट्ट शेणाच्या गोवऱ्या थापाव्यात आणि गॅसची टाकी अर्ध्यावर चालवावी, हे म्हणून परवडतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. खिल्लार तहान काढू शकते, म्हणून तिला तहानलेली ठेवू नये. शेण आवळायची वेळ आली की तिचं खाणं आधीच घटलेलं असतं, आणि वैरण समोर असूनही ती उपाशी असते. कडब्यावरच्या जनावराला पाणी कमी पडलं तर कोरडा माल पोटाच्या तिसऱ्या कप्प्यात घट्ट बसून अडकू शकतो, आणि तिथून पुढे डॉक्टरांशिवाय इलाज राहत नाही. संकरित गायीत इशारा लवकर मिळतो. पो पसरट न पडता ढिगासारखा उभा राहायला लागला, त्यावरची वर्तुळं दिसेनाशी झाली आणि त्याच सुमाराला दूध उतरलं, तर आधी हौद बघावा. उन्हाळ्यात दुपारी हौदातलं पाणी इतकं तापतं की गाय तोंड लावून मागे फिरते. गाय दूध काढल्यानंतर आणि वैरण खाल्ल्यानंतर सगळ्यात जास्त पिते. त्या दोन वेळांना तरी सावलीतलं, गार आणि स्वच्छ पाणी तिच्या तोंडापाशी असायला हवं.